दक्षिण चीनमध्ये खायचं काय, घ्यायचं काय, फिरायचं कुठे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कामानिमित्त आम्ही काही वर्षं ग्वांगझौमध्ये राहिलो. त्या काळात नातेवाईक आले, तिथल्या कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनासाठी ओळखीचे व्यापारी आले, सुट्टीत मित्रांची मुलं आली. त्यातले निम्मे शाकाहारी होते. सगळ्यांना अडचणी त्याच यायच्या आणि त्यातल्या बऱ्याचशा घरून निघण्यापूर्वीच सुटण्यासारख्या होत्या. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातलं बहुतेक सगळं ग्वांगडाँग प्रांतासाठी, म्हणजे ग्वांगझौ, शेनझेन आणि फोशानसाठी आहे. शेजारच्या ग्वांगशीतल्या यांगशुओ या डोंगर-नदीच्या गावाच्या सहलीचंही शेवटी सांगितलं आहे.

सोबत काय हवं

- व्हिसा असलेला पासपोर्ट आणि त्याच्या दोन छायाप्रती. मूळ पासपोर्ट रोज जवळ ठेवायचा, कारण रेल्वे, संग्रहालयं आणि नदीतले तराफे सगळीकडे तोच दाखवावा लागतो.
- हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन चिनी लिपीत. फोनमध्ये फोटो ठेवा आणि एका कागदावरही घ्या.
- वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड. परदेशातले व्यवहार चालू करून घेतलेले असावेत.
- थोडे अमेरिकन डॉलर. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका.
- प्लगचा अडॅप्टर. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही.
- गरम पाणी भरता येईल अशी स्टीलची बाटली, एक चमचा, कागदी रुमालांची पाकिटं.
- नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- कोरडा खाऊ: भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा. दूध-दुधाचे पदार्थ, मांस, अंडी, ताजी फळं-भाज्या आणि बियाणं चीनमध्ये नेता येत नाही. म्हणजे पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा.

१. तारखा आणि व्हिसा

नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर हा सगळ्यात सुखाचा काळ. हवा कोरडी असते आणि स्वेटर पुरतो. फेब्रुवारी ते एप्रिल भिंतींना घाम फुटतो, वाळत घातलेले कपडे दिवसेंदिवस ओले राहतात. पुढे पाऊस, आणि जुलै ते सप्टेंबर उकाडा व वादळं. वादळाचा इशारा लागला की रेल्वे आणि फेरीबोटी बंद होतात, त्यामुळे त्या महिन्यांत परतीच्या विमानाच्या अगदी आदल्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊ नका.

तीन सुट्ट्या टाळाच: १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं चिनी नववर्ष. नववर्षात बाहेरगावचे कामगार घरी जातात आणि गल्लीबोळातली छोटी खाणावळ, दुकानं, घाऊक बाजार सगळं बंद असतं. १९५७ पासून भरणारा कॅन्टन फेअर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. व्यापारासाठी जात नसाल तर त्या आठवड्यांत ग्वांगझौला जाऊ नका, खोल्यांचे दर खूप चढतात.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा घ्यावाच लागतो. काही देशांच्या नागरिकांना चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबता येतं, त्या यादीत भारत नाही.

इथे एक मोठा सापळा आहे. ग्वांगझौ-शेनझेनपर्यंत आलोच आहोत तर एक दिवस हाँगकाँग पाहून येऊ, असं सगळ्यांना वाटतं. पण हाँगकाँगला जाणं म्हणजे कागदोपत्री चीनमधून बाहेर पडणं. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही, आणि सामान शेनझेनच्या हॉटेलात राहील. हाँगकाँग करायचं असेल तर ते सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती मोफत आहे आणि तिच्यावर १४ दिवस राहता येतं.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंदणी हॉटेलच करतं. नातेवाइकांच्या घरी उतरणार असाल तर पोचल्यापासून २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः नोंद करावी लागते. घरमालकाच्या भरवशावर हे सोडू नका.

२. पैसे आणि फोन: घरीच लावून घ्या

भाजीवालीपासून मंदिरातल्या दानपेटीपर्यंत सगळीकडे फोननेच पैसे देतात. आपलं यूपीआय तिथे चालत नाही. चिनी लोकांचं निरोप आणि पैसे पाठवायचं अ‍ॅप, वीचॅट, यावर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून तुमचा मुख्य आधार अलीपे हे पैसे देण्याचं दुसरं चिनी अ‍ॅप. फोनमध्ये ते घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि दोन्ही कार्डं जोडा. हे मुंबई-पुण्यात बसूनच करा, कारण कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी येतो आणि तो तिथे कधी येतो, कधी येत नाही. भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, निदान एसएमएस येण्यापुरतं तरी.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. परदेशी कार्डावरून एका वेळी २०० युआनपर्यंतच्या खर्चाला शुल्क नाही. रक्कम त्याहून जास्त असेल तर ३ टक्के लागतात आणि तुमची बँक चलनबदलाचे लावते ते वेगळेच. पैसे देण्याच्या दोन रीती आहेत: दुकानदार तुमच्या फोनवरचा कोड वाचतो, किंवा तुम्ही भिंतीवरचा कोड वाचून रक्कम भरता. रस्त्यावरच्या काही विक्रेत्यांचा कोड त्यांच्या खासगी खात्याचा असतो, तिथे परदेशी कार्ड अडतं. त्यासाठी जवळ ३००-४०० युआन रोख, तेही १०-२०च्या नोटांत ठेवा. २०२५ च्या अखेरीस एक युआन साधारण साडेबारा रुपयांना पडत होता. मनातल्या मनात बाराने गुणलं की अंदाज येतो.

गुगल, व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब हॉटेलच्या वायफायवर उघडत नाही. भारतीय सिमचं रोमिंग किंवा बाहेरच्या देशाचं ई-सिम वापरलं तर सहसा सगळं चालतं. माझा सल्ला असा की घरातल्या निदान एका फोनवर तरी रोमिंगचा पॅक घ्याच. नकाशासाठी गुगलवर अवलंबून राहू नका, तिथल्या रस्त्यांच्या जागा सरकलेल्या दिसतात. अमॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. आयफोनचा स्वतःचा नकाशाही चांगला चालतो. टॅक्सीसाठी वेगळं अ‍ॅप नको, अलीपेच्या आतच दीदी मिळतं. त्यात तुमचा संदेश चालकाला चिनीत दिसतो आणि त्याचा तुम्हाला इंग्रजीत. गाडीत बसण्यापूर्वी नंबर प्लेटचे शेवटचे आकडे जुळवा. स्टेशनबाहेर हात धरून गाडीकडे नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

भाषांतराचं अ‍ॅप चिनी भाषेच्या ऑफलाइन पॅकसह घ्या. कॅमेरा धरला की पाटी वाचून दाखवणारं असेल ते उत्तम, कारण मेनू त्याच्यावरच वाचायचा आहे.

३. शाकाहारी असाल तर: जेवणाची चिठ्ठी

"मांस नको" एवढं सांगून भागत नाही. स्वयंपाक्याच्या डोळ्यांसमोर मांस म्हणजे ताटातला तुकडा. त्याने तुकडे काढून दिले तरी नूडल्स हाडांच्या पाण्यात शिजलेले असतात आणि पालेभाजीवर कालवांचा सॉस असतो. म्हणून प्रश्न तुकड्यांचा विचारायचा नाही, पाण्याचा, सॉसचा आणि चरबीचा विचारायचा.

घरी बसून अशी चिठ्ठी तयार करा. एकेक वाक्य छोटं ठेवा:

"मी शाकाहारी आहे. मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. हाडांचं किंवा मांसाचं सूप नको. कालवांचा सॉस नको. डुकराची चरबी नको. कोंबडीची पावडर नको. सुकी कोळंबी नको. वनस्पती तेल, मीठ, सोया सॉस, आलं, मिरची चालेल. अंडं चालतं" (किंवा "चालत नाही").

याचं चिनी भाषांतर करा आणि ते पुन्हा उलट भाषांतरित करून अर्थ नीट लागतो का बघा. एखादा ओळखीचा चिनी माणूस असेल तर त्याला एकदा वाचायला द्या. मग फोटो करून फोनच्या पहिल्या पानावर ठेवा. कोंबडीची पावडर विसरू नका. मिठाच्या बरोबरीने ती जवळजवळ प्रत्येक भाजीत पडते आणि स्वयंपाक्याला ती सांगण्यासारखी वाटत नाही.

तोंडी सांगायचं तर मँडरिनमध्ये "वो छ्र सू", कँटोनीजमध्ये "न्गो सिक् जाय". दुसरं ऐकून ग्वांगझौच्या मावशी खूश होतात आणि स्वतःच सुचवायला लागतात. वाढणाऱ्याला बोलवायला आणि आभार मानायला "म् गोय" एवढा एकच शब्द पुरतो.

आता खायचं कुठे. सगळ्यात निर्धास्त जागा म्हणजे बौद्ध शाकाहारी भोजनालय. ग्वांगझौसारख्या शहरात अशी बरीच आहेत, आणि लिउरोंगसारख्या जुन्या मंदिरांच्या आसपास हमखास सापडतात. नकाशात "सू छ्र" हे शब्द चिनीत टाकून शोधा. कडक बौद्ध पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींनी तर थेट तिथेच जावं. ताटात बदक किंवा मासा दिसला तर घाबरू नका, तो सोयाबीनचा किंवा गव्हाच्या चिकाचा केलेला असतो. आपल्याकडच्यांना ते रूपच बघवत नसेल तर टोफू, मशरूम आणि पालेभाज्या मागवा, त्या अप्रतिम असतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावस्या-पौर्णिमेला, पुष्कळ चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी तिथे अकराच्या आधी पोचा.

साध्या खाणावळीत मागायला सोपं: अंडं खात असाल तर टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात, लसणावर परतलेली पालेभाजी, परतलेले बटाट्याचे पातळ काप, काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर. प्रत्येकाला चिठ्ठी दाखवूनच. तिखट-चमचमीत टोफूची प्रसिद्ध भाजी मागवू नका, तिच्यात खिमा असतो.

सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर वाफेच्या चाळण्या लागतात. तिथे साधा मानतोउ म्हणजे वाफवलेला बिनसारणाचा पाव, उकडलेलं मक्याचं कणीस, रताळं, सोयाबीनचं दूध मिळतं, आणि पाच-दहा युआनमध्ये पोट भरतं. भाजीचं सारण असलेल्या पावात बऱ्याचदा चरबी असते, तो विचारूनच घ्या. "पाय चौ" म्हणजे तांदळाची साधी पांढरी पेज. तिच्यावर घरून आणलेलं मेतकूट घालून खाल्लं की आजारी माणूससुद्धा ताजातवाना होतो. नळाचं पाणी पिऊ नका. उकळलेलं गरम पाणी मात्र स्टेशनवर, गाडीत, हॉटेलात सगळीकडे फुकट असतं.

गोडाच्या बाबतीत दोन सूचना. कासवाच्या नावाची काळी औषधी जेली, क्वेलिंगकाओ, पारंपरिक कृतीत खरोखर कासवाच्या कवचापासून करतात. आणि रस्त्यावरच्या दुकानांत मिळणारा थंड औषधी चहा, लियांगछा, कडू असतो. तो वनस्पतींचाच असतो, पण तहान भागवायला घेऊ नका, लहान पेला घेऊन चव बघा.

दुपारचं जेवण साडेअकरा ते दीड आणि रात्रीचं साडेपाच ते आठ. दोन ते पाच पुष्कळ स्वयंपाकघरं बंद असतात. आपल्या सवयीने रात्री साडेनऊला जेवायला निघालात तर शाकाहारी माणसाचे हाल होतात. काही टेबलांवरचा कोड फक्त वीचॅटमध्ये उघडतो, तेव्हा छापील मेनू मागा: "त्साइदान". टिप देत नाहीत. टेबलावरचे ओले रुमाल आणि शेंगदाण्यांची वाटी कधी कधी बिलात येते, नको असेल तर तसंच परत करा.

अगदीच वरण-भाताची आठवण आली तर ग्वांगझौमध्ये मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या लाइनवर शाओपेइ आणि ताओचिन स्टेशनांच्या परिसरात भारतीय आणि मध्यपूर्वेची हॉटेलं आहेत. एखाद्या संध्याकाळी जा, पण रोज तिथेच जेवू नका. टोफू आणि पालेभाजी इथल्या चिनी लोकांइतकी नीट फार थोडे करतात.

४. सकाळचा चहा: यम चा

ग्वांगडाँगमध्ये एकच जेवण घ्यायचं असेल तर हे घ्या. यम चा म्हणजे चहा प्यायला बसणं, पण त्यात दोन-तीन तास चहा, छोटे वाफवलेले पदार्थ आणि गप्पा असतात. सकाळी साडेसात-आठला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. ग्वांगझौची जुनी नावाजलेली चहाघरं अशी: ताओ ताओ च्यू १८८० पासूनचं, लिएन श्यांग लौ १८८९ पासूनचं, ग्वांगझौ रेस्टॉरंट १९३५ पासूनचं. शनिवार-रविवारी रांग असते, मधल्या वारी लवकर जा. माणशी साधारण ५० ते ८० युआन लागतात.

क्रम असा:

१) बसल्याबरोबर चहा निवडायचा. शेवंतीच्या फुलांचा, तिएगुआनयिन (ऊलाँग चहा) किंवा पुअर (आंबवून मुरवलेला चहा). चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात, ती फसवणूक नसते.

२) पहिल्या गरम चहाने वाट्या, कप, काड्या विसळून ते पाणी मधल्या भांड्यात ओतायचं. सगळे करतात, तुम्हीही करा.

३) कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच ठकठक करायचं. ते आभार.

४) किटली रिकामी झाली की झाकण बाजूला सरकवून ठेवायचं. न बोलवता पाणी भरून मिळतं.

५) पदार्थ छापील यादीवर पेन्सिलीने खूण करून किंवा फोनवरून मागवायचे. पदार्थांना लहान, मध्यम, मोठी, विशेष अशा पायऱ्या असतात. त्या किमतीच्या पायऱ्या आहेत, ताटलीच्या आकाराच्या नाहीत.

शाकाहाऱ्यांनी मागवायचं: जाय छाँग म्हणजे तांदळाच्या पातळ, मऊ पोळीची बिनसारणाची गुंडाळी, वर सोया सॉस. तीच पोळी कुरकुरीत तळलेल्या पिठाच्या कांडीभोवती गुंडाळलेली मिळते, ती जा लियांग. शिंगाड्यासारख्या कंदाच्या पिठाची गोड पारदर्शक वडी, लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सूप, आणि कालवांचा सॉस न घालता वाफवलेली पालेभाजी. मुळ्याच्या वड्या नावाने फसवतात, त्यांत सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. अंड्याच्या टार्टच्या पारीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून अंडं खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं.

५. मासे-मांस खाणाऱ्यांसाठी

मेनूवर नुसतं "रौ" लिहिलं असेल तर ते डुकराचं मांस. बाकीचे शब्द पाठ करा: जू डुक्कर, न्यू गाय-बैल, ची कोंबडी, या बदक, यांग शेळी-मेंढी, यू मासा, श्या कोळंबी, तान अंडं. गोमांस आणि डुक्कर दोन्ही नको असणाऱ्यांनी हेही चिठ्ठीत घाला. हिरव्या पाटीच्या मुस्लिम खाणावळींत डुक्कर नसतं, पण नूडल्सचं सूप बहुतेक गोमांसाचं असतं.

कोकणातल्या माणसाला इथली वाफवलेली मासळी आवडेल: ताजा मासा, आलं, पातीचा कांदा आणि वरून कडकडीत तेल. टाकीतला जिवंत मासा दाखवून घ्यायचा, तुमच्यासमोर वजन होतं. भाव चिनमध्ये असतो आणि एक चिन म्हणजे अर्धा किलो. महागड्या समुद्री जिन्नसांचा भाव कधी लियांगमध्ये, म्हणजे ५० ग्रॅमला लिहिलेला असतो. आधी एकूण रक्कम फोनवर टाइप करून दाखवायला सांगा, मग मान हलवा. उकडलेल्या कोंबडीचं हाड आतून लालसर ठेवण्याची इथे पद्धत आहे. ते चालत नसेल तर भाजलेलं बदक किंवा मातीच्या भांड्यातला भात मागवा.

६. बाजारात

फळांनी सुरुवात करा. जूनमध्ये लिची, तिच्यामागून लोंगान, हिवाळ्यात पपनस. इथेही पाटीवरचा भाव अर्ध्या किलोचा असतो. दुकानांतल्या सवलतीच्या पाट्या आपल्या उलट असतात: "८ झ" म्हणजे ८ टक्के सूट नाही, मूळ किमतीच्या ८० टक्के द्यायचे. भाव हाताच्या खुणांनी सांगतात. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. गोंधळ झाला तर सरळ कॅल्क्युलेटर पुढे करा.

ग्वांगझौचे बाजार वस्तूंप्रमाणे वाटलेले आहेत. खेळणी, सजावटीचं सामान, स्टेशनरी हवी तर हायझू चौक स्टेशनला उतरून यीद रस्ता. कापड हवं तर सुन यत-सेन विद्यापीठाच्या दक्षिण दाराजवळचा झोंगदा बाजार. तयार कपडे जुन्या ग्वांगझौ रेल्वे स्टेशनच्या आसपास, चहा फांगछुनमध्ये. इलेक्ट्रॉनिक्ससाठी शेनझेनचं ह्वाछ्यांगपेइ. हे मुख्यतः घाऊक बाजार आहेत. सकाळी उघडतात आणि संध्याकाळी पाच-सहाला शटर पडतं. मॉलसारखं जेवून रात्री जाता येत नाही.

घाऊक दुकानात शिरलात की आधी विचारलं जातं, माल किती नग घेणार. एक-दोन नगच हवे असतील तर तसं सांगा. काही दुकानदार देतात, काही देत नाहीत, त्यात रागवण्यासारखं काही नाही. सांगितलेला भाव एका नगाचा की डझनाचा, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करा. घासाघीस हसत करा. छापील किमतीच्या दुकानात करू नका. विजेची वस्तू तिथेच लावून, चालवून बघा, आणि बांधलेल्या खोक्यात तीच वस्तू गेली ना ते डोळ्यांनी पाहा. बाहेर पडल्यावर बदलून मिळणं कठीण.

फोन घ्यायचा विचार असेल तर थांबा. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सेवा नीट बसवलेल्या नसतात आणि भारतात दुरुस्तीची हमीही मिळत नाही. मोठ्या ब्रँडची पर्स किंवा घड्याळ फार स्वस्त मिळत असेल तर ते नकली आहे असंच समजा. कोणी वरच्या मजल्यावरच्या खोलीत माल दाखवतो म्हणालं तर जाऊ नका.

फांगछुनला मात्र वेळ काढून जा. दुकानदार बसवून चार-पाच चहा पाजतो, पैसे न घेता. जुन्या पुअरच्या वयाच्या दाव्यांवर जास्त पैसे लावू नका, चव आवडली तो साधा चहा अर्धा चिन घ्या. पुअरची पारंपरिक चकती ३५७ ग्रॅमची असते, भेट द्यायला सुटसुटीत. शिनहुईच्या संत्र्याची वाळवलेली साल, छेनफी, हीसुद्धा ग्वांगडाँगची खासियत आहे आणि ती शाकाहारी घरात निःशंक देता येते.

७. भटकंती

शहरात मेट्रोसारखं दुसरं साधन नाही. तिकीट दोन युआनपासून सुरू होतं, अलीपेमध्ये शहर निवडून प्रवासाचा कोड काढला की झालं. प्रत्येक स्टेशनवर पिशवी तपासतात, पाण्याची बाटलीही बघतात. चाकू, कात्री, स्प्रे पिशवीत ठेवू नका. ३ क्रमांकाची लाइन सकाळ-संध्याकाळ टाळा.

एका दिवसाचा माझ्या आवडीचा क्रम: सकाळी यम चा, मग छेन घराण्याचं पूर्वजगृह. ते १८९४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या छपरावरचं रंगीत मातीकाम तासभर मान वर करून बघावं असं आहे. नंतर ह्वालिन मंदिर. भारतातून समुद्रमार्गे आलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म याच भागात किनाऱ्यावर उतरला अशी परंपरा आहे. भारतातून आलोय म्हटल्यावर तिथली वयस्क माणसं आपुलकीने बोलतात. दुपारी शामियान बेटाच्या सावलीत बसा. संध्याकाळी ६०० मीटर उंचीचा कॅन्टन टॉवर नदीच्या पलीकडून, ह्वाछेंग चौकातून बघा. टॉवरवर चढायचे पैसे वाचतात आणि तो दिसतोही जास्त चांगला. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात.

दुसऱ्या दिवशी शुन्दे. हे फोशानमधलं खाण्याचं गाव, २०१४ पासून युनेस्कोच्या पाककलेच्या शहरांच्या यादीत आहे. ग्वांगझौ मेट्रोची ७ क्रमांकाची लाइन शुन्देच्या हद्दीत जाते, पुढे जुन्या तालियांग भागापर्यंत दीदी करा. इथे म्हशीच्या दुधाचे पदार्थ खायला जायचं. दुहेरी सायीचं दूध, श्वांगफीनाय, यात अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडं नको असेल तर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून गोठवलेला पदार्थ मागा. तो खरवसासारखा थरथरता असतो आणि आल्याचा झणका घशापर्यंत जातो. तो मूळचा शेजारच्या फानयूमधल्या शावानचा, पण शुन्देतही सगळीकडे मिळतो.

दोन-तीन दिवस असतील तर यांगशुओ. ग्वांगझौ दक्षिण स्टेशनवरून वेगवान गाडीने साधारण अडीच तास. तिकिटं चिनी रेल्वेच्या '१२३०६' नावाच्या अ‍ॅपवर इंग्रजीत, १५ दिवस आधी खुली होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. ग्वांगझौमध्ये बरीच मोठी स्टेशनं आहेत, तिकिटावरचं स्टेशन दोनदा वाचा आणि तासभर आधी पोचा. आणखी एक: यांगशुओ नावाचं रेल्वे स्टेशन यांगशुओ गावात नाही, शिंगपिंगजवळ आहे. तिथून गावात जायला बस किंवा गाडीने पाऊण तास लागतो. माझ्या मते आधी शिंगपिंगलाच एक रात्र राहावं. २० युआनच्या नोटेवरचं डोंगर-नदीचं दृश्य तिथल्याच ली नदीच्या काठचं आहे, आणि दिवसाचे पर्यटक गेल्यावर काठ शांत होतो.

ली नदीवरचे तराफे मोटरचे असतात. बांबूचा, काठीने वल्हवणारा तराफा हवा असेल तर यूलोंग नदीवर जा. दोन्हीसाठी पासपोर्ट लागतो. स्टेशनवर तिकीट विकायला येणाऱ्यांकडून घेऊ नका, हॉटेलला सांगून काढा. यूलोंगच्या काठाने सायकल चालवणं हे या सहलीतलं सर्वात सुंदर काम आहे, त्याला अर्धा दिवस द्या. खाण्यात एक सावधगिरी: इथल्या भरल्या भोपळ्यात, भरल्या टोफूत सारण खिम्याचं असतं. तांदळाच्या नूडल्स, मीफन, कोरड्या मागा, वर लोणच्यातल्या शेंगा, शेंगदाणे, मिरची, आणि दुकानदाराचा तयार रस्सा न घालता सोया सॉस. यांगशुओ गावातल्या पश्चिम रस्त्यावर, म्हणजे पर्यटकांच्या गजबजलेल्या बाजारपेठेत, एकदा चक्कर मारा, जेवण मात्र मागच्या गल्लीत घ्या.

८. परतताना

चीनमधल्या अंतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून ३सी ही चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवरबँकांवर ती नसते. अंतर्गत विमान असेल तर तिथेच खूण असलेली विकत घ्या. रेल्वेला ही अट नाही.

शेनझेनमध्ये ड्रोन आणि ई-सिगारेट ढिगाने दिसतील. तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात २०२२ पासून बंदी आहे आणि ई-सिगारेटवर २०१९ पासून. दोन्ही विमानतळावर जप्त होतात, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

"टॅक्स फ्री" पाटी असलेल्या दुकानात एकाच दिवशी किमान २०० युआनची खरेदी केली असेल तर पासपोर्ट दाखवून परताव्याचा फॉर्म मागा. वस्तू न वापरता, ९० दिवसांच्या आत देशाबाहेर न्यावी लागते. विमानतळावर मोठ्या बॅगा चेक-इन करण्यापूर्वी कस्टमच्या खिडकीवर वस्तू, बिल आणि फॉर्म दाखवून शिक्का घ्या. बॅग आत गेली की शिक्का मिळत नाही, म्हणून त्या दिवशी तीन-साडेतीन तास आधी पोचा आणि परताव्याच्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा.